गंधाची पोथी

चैत्र महिन्यातील हळदीकुंकवाचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा असेल. बडोद्याच्या रावपुऱ्यातील एखाद्या जुन्या मराठी घरात गौर मांडलेली असते. वाटली डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांची सिद्धता झालेली असते. घरातील लेकीसुनांपैकी कोणी तरी चांदीची अत्तरदाणी हाती घेऊन आलेल्या सुवासिनींच्या हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट ओढीत जाते, आणि तिच्या मागोमाग दुसरी गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडते. हे सारे काही क्षणांत आटोपते. घरी परत जाताना पन्ह्याची चव जिभेवर उरत नाही. परंतु हातावरचा तो गंध मात्र रात्रीपर्यंत सोबत करतो.

हा गंध कोठून आला, कोणी काढला आणि तो काढण्याची विद्या कोणत्या भाषेत लिहिली गेली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. अत्तर म्हणजे कनोजचे, सुगंध म्हणजे मोगलांचा आणि अलीकडचा असेल तर फ्रान्सचा, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची नाही. पण अपुरी आहे. या विद्येच्या इतिहासात मराठी भाषेचे एक पान आहे, आणि ते पान पुण्याच्या एका पोथीसंग्रहातून निघून बडोद्याच्या ग्रंथमालेत छापले गेले आहे. आजच्या भाषणात त्या पानाची ओळख करून देण्याचा माझा विचार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अत्तर’ हा शब्द अरबी ‘इत्र’ या शब्दावरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ‘गुलाब’ या शब्दाची कथा अधिक गमतीची आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब हे मुळात फुलाचे नाव नव्हे, ते फुलाच्या अर्काचे नाव. मराठीने पाण्याचे नाव फुलाला दिले आणि मग पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असा नवा शब्द घडवला. म्हणजे एकाच शब्दात पाणी दोनदा आले. ‘फुलेल’ हा शब्द मात्र अस्सल आपला आहे. फूल आणि तेल यांचा तो जोड आहे. सुगंधाच्या या देशातील दोन मुख्य पद्धती या शब्दांतच सामावल्या आहेत. फुलातील गंध वाफेबरोबर उडवून आणावयाचा, ही अत्तराची रीत. आणि फुलाचा गंध तेलाला पिण्यास लावावयाचा, ही फुलेलाची रीत.

फुलेलाची रीत जुनी. स्वच्छ धुतलेले तीळ पसरावयाचे, त्यांवर जाईच्या किंवा मोगऱ्याच्या ताज्या कळ्यांचा थर द्यावयाचा, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. सुकलेली फुले काढून टाकून नवी घालावयाची, आणि तीळ गंधाने भारले गेले म्हणजे ते घाण्याला लावून तेल काढावयाचे. वरवर पाहता ही कृती अगदी साधी, स्वयंपाकघरातली वाटते. परंतु तिच्यामागे एक सूक्ष्म निरीक्षण आहे. गुलाबाचे फूल खुडले की त्याचा सुगंध उणावू लागतो. म्हणून ते तातडीने भट्टीवर चढवावे लागते. जाई आणि मोगरा यांचे तसे नाही. ही फुले देठापासून वेगळी झाल्यावरही कित्येक तास गंध निर्माण करीत राहतात. त्यांना उकळत्या पाण्यात टाकले तर गंध हाती लागत नाही, तो बिघडतो. त्यांना तिळांच्या शेजारी नुसते स्वस्थ ठेवले तर ती आपला गंध आपण होऊन देऊन टाकतात. फ्रान्समधील ग्रास या गावी काचेच्या तावदानांवर चरबीचा लेप देऊन त्यावर जाईची फुले मांडीत असत. त्या कृतीचे तत्त्वही हेच. आपल्याकडील कारागिराने चरबीऐवजी तीळ योजला, एवढाच काय तो फरक.

गंधद्रव्ये सिद्ध करण्याच्या या विद्येला संस्कृतात ‘गंधयुक्ती’ असे नाव आहे. चौसष्ट कलांच्या यादीत तिची गणना होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत या विषयासाठी एक स्वतंत्र अध्याय दिला. त्यात केशतेले आहेत, मुखवास आहेत, स्नानाची चूर्णे आहेत. पण गणिताच्या अभ्यासकांना तो अध्याय निराळ्याच कारणासाठी प्रिय आहे. सोळा सुगंधी द्रव्ये घेतली, त्यांतून कोणतीही चार निवडली आणि ती एक, दोन, तीन व चार अशा भागांनी मिसळली, तर किती सुगंध सिद्ध होतील, असा प्रश्न तेथे येतो. सोळांतून चार निवडण्याचे मार्ग १,८२० होतात. प्रत्येक चौकडीचे ९६ भेद धरून वराहमिहिराने एकूण संख्या १,७४,७२० अशी सांगितली आहे. आज आपण हा हिशेब शाळेच्या वरच्या वर्गांत शिकतो. सुगंध घोटणाऱ्याच्या खलबत्त्यातून एवढे गणित निघावे, ही गोष्ट त्या काळच्या कारागिरीच्या गांभीर्याची साक्ष देते.

दक्षिणेत या विषयावर लिहिणारा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर. त्याची कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्य कसे मिळवावे येथपासून भोजन कसे असावे येथपर्यंत सर्व काही आहे, आणि राजाच्या उपभोगांत स्नान, विलेपन, माल्य, धूप यांना स्वतंत्र स्थान आहे. अभ्यंगासाठी सुवासिक तेल कसे करावे, कोणत्या ऋतूत कोणते विलेपन लावावे, याचा विचार त्यात येतो. याच ग्रंथात जुन्या मराठीतील काही गीतपंक्ती आढळतात, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. येथे मला मुद्दाम सांगावयाचे आहे ते असे, की या ग्रंथाचे प्रकाशन बडोद्यास झाले. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये.

ही ग्रंथमाला म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीचे एक फळ होय. १८७५ ते १९३९ असा प्रदीर्घ काळ राज्य केलेल्या या राजाने मोफत शिक्षण, ग्रंथालये आणि कारखाने यांच्यासाठी काय केले, ते सर्वश्रुत आहे. पण पोथ्यांसाठी त्यांनी केलेले कार्य तितके सांगितले जात नाही. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातील चिमणलाल दलाल यांना त्यांनी पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखिते पाहण्यास पाठविले, आणि त्या श्रमांतून १९१६ पासून ग्रंथमालेचा प्रारंभ झाला. पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर ही संस्था उभी राहिली. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. संस्था मात्र महाराज सयाजीराव विश्वविद्यालयाच्या आश्रयाने टिकून राहिली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखचे परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल होते. १८९१ साली जन्मलेला हा विद्वान १९६१ मध्ये निवर्तला, तोपर्यंतचे चार दशकांहून अधिक आयुष्य त्याने पोथ्यांच्या सहवासात घालविले. गोड्यांची दृष्टी इतर पंडितांहून निराळी होती. वेदान्ताचे आणि काव्याचे ग्रंथ इतरांनी पाहिले. गोड्यांनी रिठ्याचा, साबणाचा, मेंदीचा, ज्वारीचा इतिहास धुंडाळला. ज्या वस्तू घराघरांत असतात त्यांचा इतिहास कोणीच लिहीत नाही, म्हणून तो लिहिला पाहिजे, अशी त्यांची धारणा त्यांच्या शेकडो निबंधांतून दिसते. भारतीय सुगंधविद्येवर वेदांपासून शोध घेत असताना त्यांना एक अडचण भासत होती. गंधयुक्तीचे उल्लेख जागोजाग सापडतात. पण केवळ त्याच विषयाला वाहिलेला ग्रंथ कोठे आहे? इतर ग्रंथांतील एखादा अध्याय मिळे. संपूर्ण ग्रंथ मिळत नसे.

तो ग्रंथ त्यांना आपल्याच संस्थेत मिळाला. रड्डी या पंडित घराण्याच्या संग्रहातून भांडारकर संस्थेत आलेल्या पोथ्यांमध्ये एक हस्तलिखित होते. त्यात एक नव्हे, दोन रचना होत्या. पहिली गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’. दुसरी ‘गंधवाद’ या नावाची. तिच्या कर्त्याचे नाव कळत नाही. आणि या दुसऱ्या ग्रंथाला टीका होती ती मराठीत.

या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबले पाहिजे. संस्कृत ग्रंथाला मराठी टीका असणे ही आपल्याला नवलाची गोष्ट वाटू नये. गीतेला ज्ञानेश्वरांनी मराठीत आणलेच होते. परंतु तेथे विषय मोक्षाचा होता. येथे विषय चंदन, वाळा, कापूर आणि कस्तुरी यांचा आहे. अत्तर घोटणाऱ्याला मोक्ष नको होता. त्याला मूळ श्लोकातले द्रव्य कोणते, ते किती घ्यावयाचे आणि कसे शिजवावयाचे एवढेच हवे होते. श्लोक पाठ करणे सोपे, पण श्लोकातील ‘नख’ म्हणजे माणसाचे नख नव्हे, तर शंखवर्गातील प्राण्याच्या कवचाचा तुकडा, हे कोणी तरी सांगावे लागते. ते मराठीत सांगितले गेले, याचा अर्थ ते मराठी जाणणाऱ्या माणसासाठी सांगितले गेले. गोड्यांनी या ‘गंधवादा’चा काळ चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अवधीत बसविला. त्या काळात महाराष्ट्रात ही विद्या केवळ राजवाड्यातील शोभेची वस्तू नव्हती. ती शिकणारे आणि वापरणारे मराठी हात होते, असे अनुमान त्यावरून निघते. हे अनुमान आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्या भाषेत कोणी वाचणार नाही त्या भाषेत टीका लिहिण्याचे श्रम कोणी कशास घेईल?

‘गंधसार’ हा ग्रंथ किती शिस्तीने रचला आहे, ते पाहण्यासारखे आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात परिभाषा, दुसऱ्यात निरनिराळे योग, म्हणजे गंधोदक, सुगंधी तेले, मुखवास, उटणी, धूप यांच्या कृती, आणि तिसऱ्यात द्रव्यांचा कोश व त्यांची परीक्षा. सर्व कृतींचे सहा संस्कार सांगितले आहेत. सुगंधी द्रवात चूर्ण भिजवून मुरविणे ते भावन. मंद आचेवर शिजविणे ते पाचन. दबलेला गंध दुसऱ्या द्रव्याच्या योगाने जागा करणे तो बोध. तीव्र द्रव्याने त्याला धार आणणे तो वेध. धुरी देणे ते धूपन. आणि फुलांच्या सहवासात ठेवून गंध चढविणे ते वासन. आपण मघाशी पाहिलेली तिळांची कृती या वासनाच्याच जातीची होय. द्रव्यांचीही अशीच वाटणी आहे: पान, फूल, फळ, साल, लाकूड, मूळ, निर्यास आणि प्राणिज अशा आठ वर्गांत सर्व गंधसृष्टी बसविली आहे. आजच्या सुगंधशास्त्राचे पुस्तक उघडले तरी कच्च्या मालाचे वर्गीकरण बहुतांशी याच धर्तीवर आढळेल.

आणि द्रव्यपरीक्षेचे प्रयोजन काय? भेसळ. जेथे कस्तुरी आहे तेथे खोटी कस्तुरी आहे, जेथे केशर आहे तेथे रंगविलेले तंतू आहेत. विद्या शिकविणाऱ्याने खऱ्याखोट्याची पारखही शिकविली पाहिजे, हे भान जुन्या ग्रंथकारांना होते.

गोड्यांनी या हस्तलिखिताचा परिचय आपल्या निबंधांतून करून दिला. संपूर्ण ग्रंथ छापून निघण्यास मात्र पुढे अनेक वर्षे जावी लागली. १९८९ मध्ये रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह ‘गंधवाद’ असे दोन्ही ग्रंथ संपादून बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातर्फे गायकवाड ग्रंथमालेचा १७३ वा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध केले. पुण्यातील पोथी, मराठी टीका, गुजराती संपादक आणि मराठी राजाने स्थापिलेली बडोद्याची ग्रंथमाला! रावपुऱ्यात मराठी आणि गुजराती या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओट्यावर बसत आल्या आहेत. त्या शेजारधर्माचे याहून चांगले स्मारक कोणते दाखवावे?

फुलेलाची कथा येथवर आली. अत्तराची, म्हणजे वाफेने अर्क काढण्याची, कथा थोडी निराळी आहे. अकबराच्या दरबारी सुगंधाचे स्वतंत्र खाते होते आणि ‘आइन-इ-अकबरी’त त्याचे वर्णन आहे. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानने लावला, अशी आख्यायिका आपण ऐकतो. जहांगिराच्या स्वतःच्या आत्मवृत्तात मात्र हे श्रेय तिच्या मातेला, अस्मत बेगमला, दिलेले आहे. गुलाबपाणी काढीत असता गरम पाणी ज्या भांड्यांत ओतले जाई, त्यांच्या पृष्ठभागावर साय जमते, असे तिच्या लक्षात आले, आणि ती साय तिने थोडी थोडी करून गोळा केली. जहांगिराने तिला मोत्यांचा कंठा दिला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्या तेलाला ‘इत्र-इ-जहांगिरी’ हे नाव दिले. शोध बाईचा, नामकरण बाईने केले, आणि नाव मात्र बादशहाचे झाले!

कनोजच्या कारागिरांनी आजतागायत जतन केलेली रीत ती हीच. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. देगेतून बांबूची नळी, म्हणजे चोंगा, निघून पाण्याच्या हौदात बसविलेल्या भभक्यात उतरतो. खाली लाकडांचा अथवा गोवऱ्यांचा जाळ. त्याची आच कारागीर डोळ्याने आणि हाताने ओळखतो. भभक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ त्यावर येऊन थंड होते, पाणी खाली राहते आणि गंध तेलात उतरतो. पाणी काढून पुन्हा देगेत घालतात, नवी फुले टाकतात, आणि तेच चंदनतेल दिवसामागून दिवस गंध पीत राहते. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरतात. उरलेला ओलावा त्या चामड्यातून हळूहळू निघून जातो.

गुलाबाचे निव्वळ तेल एक किलो मिळवावयाचे तर सुमारे साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. एवढ्यावरून त्याच्या मोलाची कल्पना यावी. थंडीत हे तेल गोठते, कारण त्यात मेणासारखा अंश असतो. आणखी एक गोष्ट. गुलाबाच्या सुगंधातील एक प्रमुख घटक, फेनिलएथिल अल्कोहोल, पाण्यात चांगला मिसळतो. म्हणून वाफेने काढलेल्या तेलात तो कमी आणि गुलाबपाण्यात अधिक उतरतो. गुलाबदाणीतील पाण्याचा वास आणि अत्तरदाणीतील तेलाचा वास एकाच फुलाचे असून वेगळे का, याचे उत्तर येथे आहे.

मराठेशाहीच्या दरबारात अत्तरपान हा शिष्टाचाराचा भाग होता. पानसुपारी आणि अत्तरगुलाब दिले म्हणजे भेट संपली, आता उठावे, अशी ती सभ्य सूचना असे. गायकवाडांच्या दरबारातही ती रीत होती, आणि दरबारातून ती सरदारांच्या वाड्यांत, तेथून कारकुनांच्या घरांत आली. हळदीकुंकवातील अत्तरदाणी हे त्या दरबाराचे घरगुती रूप आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र सुगंधाच्या जगात मोठी उलथापालथ झाली. ज्या पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने १८५६ मध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला, त्यानेच १८६८ मध्ये कुमारिन हे सुगंधी द्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध केले. पुढे व्हॅनिलिन आले. १८९३ मध्ये आयोनोन आले आणि व्हायोलेटच्या फुलाचा गंध फुलावाचून मिळू लागला. या डांबरी रसायनाचा वारा बडोद्यासही लागला. १८९० मध्ये सयाजीरावांनी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या साहाय्याने कलाभवन स्थापिले आणि तेथे रंगविद्येचे आधुनिक शिक्षण सुरू झाले. १९०७ मध्ये गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या उद्योगातून बडोद्यास रसायनांचा कारखाना निघाला. मद्यार्क आणि औषधी अर्क हा त्याचा आरंभीचा माल. त्याचे नाव ठेवले ‘अलेम्बिक’. हा शब्द अरबी ‘अल्-अंबीक’ याचे युरोपीय रूप आहे, आणि त्याचा अर्थ अर्क काढण्याचे पात्र. अत्तराच्या भट्टीचाच हा जातभाई! आधुनिक कारखान्याच्या दारावर जुन्या अत्तरियाचे भांडे नाव होऊन बसले. मुंबईतही १९२२ मध्ये केळकर मंडळींनी सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय सुरू केला, आणि तो आज देशातील या क्षेत्रातील प्रमुख व्यवसायांत गणला जातो. गंधवादाच्या अनाम मराठी टीकाकाराला वारस मिळाले नाहीत, असे म्हणता येणार नाही.

बडोद्याचा आणखी एक ऋणानुबंध सांगतो. १९०९ साली बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते व्यवसायाने डॉक्टर आणि छंदाने वनस्पतिशास्त्रज्ञ. मेजर वामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये, प्रसिद्ध झाला. साहित्याच्या व्यासपीठावर वनस्पतीचा जाणकार बसविण्यात त्या काळच्या लोकांना विसंगती वाटली नाही. फुलाचे वर्णन करणारा आणि फुलाचे पृथक्करण करणारा हे एकाच सभेचे सभासद आहेत, असे ते मानीत.

आता त्वचेच्या उपयोगाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण या विषयावर आज जाहिरातींचा फार गलबला आहे. फुलांच्या अर्काच्या इवल्याशा बाटल्या सर्वत्र विकल्या जातात आणि त्यांनी मुरूम, सुरकुत्या, केस गळणे, निद्रानाश सर्व जाते असे सांगितले जाते. येथे जुन्या रीतीतील एक शहाणपण ध्यानात घेतले पाहिजे. फुलेल हे मुळातच सौम्य असे. भरपूर तीळतेलात फुलाचा गंध अल्पसा. दिवाळीच्या उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या यांचे चूर्ण असते. तेही दुधात अथवा तेलात कालवून लावावयाचे आणि धुऊन टाकावयाचे. निव्वळ अर्क अंगाला फासण्याची आपली रीत नव्हती. अत्तर लावले तरी बोटभर, तेही हाताच्या पाठीवर अथवा कानामागे फाया ठेवून.

विज्ञान आज तेच सांगते. अर्क जितका घट्ट, तितकी त्वचा दुखावण्याचा संभव अधिक. सुवासिक द्रव्यांतील लिनालूलसारखे घटक हवेत राहून जुने झाले म्हणजे काही लोकांच्या त्वचेवर पुरळ आणि खाज उत्पन्न करतात. बर्गामोटसारख्या लिंबूवर्गीय तेलांनी उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. म्हणून असे तेल नेहमी तीळ, खोबरे किंवा बदाम यांच्या तेलात मिसळून, शंभर थेंबांस एकदोन थेंब या बेताने वापरावे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एकदोन दिवस वाट पाहावी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रयोग करू नयेत. फूल निसर्गाचे म्हणून त्याचा अर्क निरुपद्रवी, असा नियम नाही. आणि भेसळीची गोष्ट तर आहेच. चंदन दुर्मीळ आणि महाग झाल्यापासून अत्तराच्या तळाशी पॅराफिनसारखी खनिज द्रव्ये येऊन बसली आहेत. गंधसाराच्या तिसऱ्या भागातील परीक्षेची गरज आज कमी झालेली नाही, वाढली आहे.

मग या साऱ्या इतिहासाचे आपल्याला काय? कृत्रिम सुगंध स्वस्त आहेत, सुलभ आहेत, आणि त्यांच्यामुळे सामान्य माणसाच्या अंगाला जो सुवास लाभला तो पूर्वी फक्त राजांच्या वाट्याला येई, हे नाकारण्याचे कारण नाही. जुन्या भट्टीसाठी रडत बसावे, असे मी म्हणत नाही. परंतु एक गोष्ट मला अस्वस्थ करते. हस्तकौशल्य हाताबरोबर मरते. ज्याने ते लिहून ठेवले त्याचेच मागे उरते. महाराष्ट्रातील किती सुतार, रंगारी, कासार, गंधी आपली विद्या बरोबर घेऊन गेले, त्याची गणती नाही. त्यांच्यापैकी एका विद्येसाठी कोणी तरी मराठीत लेखणी उचलली. त्याचे नाव आपल्याला कळत नाही. त्याची पोथी वाळवी, पाऊस आणि अनास्था या तिन्ही शत्रूंतून वाचली. गोड्यांसारख्या डोळस ग्रंथपालाने ती ओळखली आणि बडोद्याने ती छापली. यांतील एक दुवा जरी निखळता, तरी मराठीत सुगंधविद्या कधी लिहिली गेली होती, हेच आपल्याला कळले नसते. ज्या संग्रहांतील पोथ्या अजून कोणी उघडल्या नाहीत, त्यांत दुसऱ्या कोणत्या विद्येची टीका पडून असेल?

रावपुऱ्याच्या नाक्यावर १८९६ मध्ये बांधलेला चिमणाबाई मनोरा उभा आहे. पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ उभारलेले ते घड्याळ येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ दाखविण्यासाठी बांधले. पोथ्याही अशाच काळ दाखवितात. फक्त त्यांच्याकडे मान वर करून नव्हे, खाली वाकून पाहावे लागते. आपल्या घरी माळ्यावर किंवा देवघरातील पेटीत एखादे जुने बाड असेल, त्यात आजीच्या हातची उटण्याची, तेलाची, काढ्याची कृती लिहिलेली असेल, तर ती रद्दीत घालू नका. तिची एक प्रत करून जवळच्या ग्रंथालयास द्या. आणि पुढील चैत्रात कोणी आपल्या हातावर अत्तराचे बोट ओढील, तेव्हा पाचसहाशे वर्षांपूर्वी मराठीत त्या गंधाची कृती समजावून सांगणाऱ्या त्या अनाम माणसाची क्षणभर आठवण करा.